पंधरा अंशांचा लिटर

आमच्या पंपाच्या केबिनमध्ये लक्ष्मीच्या फोटोखाली एक लाल पुठ्ठ्याची वही टांगलेली असायची. तिच्यावर बाबांनी जाड मार्करने एकच शब्द लिहिला होता – ‘कमी’. टँकर आला, खाली झाला, दोन दिवसांनी जमिनीखालच्या टाकीचा डिप घेतला, म्हणजे रॉडने तेलाची उंची मोजली, आणि हिशेबापेक्षा डिझेल कमी निघालं की या वहीत नोंद व्हायची. तारीख, गाडीचा नंबर, किती लिटर कमी. एप्रिल उजाडला की पानं भराभर भरायची. बाबांचा पहिला संशय ड्रायव्हरवर, दुसरा डेपोवर आणि तिसरा आमच्याच नोझलवर. नोझल तर ते रोज सकाळी पाच लिटरच्या मापाने स्वतः तपासत. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर इकडेतिकडे चालतं, आमचं त्याच्या आतच असायचं. मग उरायचं ऊन. “नागपूरचं ऊन हाय बाप्पा, माणूस उडून जाते, डिझेलचं काय घेऊन बसली,” असं म्हणून ते वही परत खिळ्याला लावायचे.

वाडीच्या पुढे अमरावती रोडवर आमचा पंप. डिप रॉड वाचायला मी तिसरीत असतानाच शिकले. रॉडच्या टोकाला वॉटर पेस्ट चोळायची, रॉड टाकीत सरळ सोडायचा, तळाला टेकल्याचा ‘टक्’ आवाज हाताला कळला की उचलायचा, ओली रेघ जिथे संपते तो आकडा वाचायचा. पेस्टचा रंग बदलला तर तळाशी पाणी. आकडा वाढला म्हणजे माल वाढला. एवढ्या ज्ञानावर मी बारावी गाठली, आणि त्याच रस्त्याने अलीकडे, फुटाळ्याजवळच्या एलआयटीत रसायन तंत्रज्ञानाला प्रवेश घेतला. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून आम्ही पेट्रोलियम रिफायनिंग शिकत होतो याचं वर्गात कुणालाच नवल वाटलं नाही. तशी देशभरातल्या पंपांना, टाक्यांना, टँकरना परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही सेमिनरी हिल्सवर आहेच. जुनी माणसं अजून त्याला ‘एक्सप्लोझिव्हचं ऑफिस’ म्हणतात. कागदावरचं सगळं तेल नागपुरातून जातं, खरं तेल मात्र फार लांबून येतं.

पास झाल्यावर मला मुंबईत एका सर्व्हेयर कंपनीत नोकरी लागली. काम असं की जहाजातून तेल उतरताना किंवा चढताना तिसऱ्या, तटस्थ माणसाने ते मोजायचं. विकणाऱ्याचंही नाही, घेणाऱ्याचंही नाही. विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसवताना बाबा खिडकीतून म्हणाले, “आता जाऊनच राहिली तर एक काम कर. तेल येते कुठून ते पाह्य, अन् कमी कुठं होते तेही पाहून ये.” थट्टेत म्हणाले होते. मी मनावर घेतलं.

माझं पहिलं जहाज बसऱ्याहून आलं होतं, कच्चं तेल घेऊन. जवळजवळ ८० हजार टन. मुंबईत अशी जहाजं रिफायनरीच्या दारात लागत नाहीत, तिथे तेवढं पाणी नाही. ती लागतात बंदराच्या मध्यावर जवाहर द्वीपाला, ज्याला तिथे सगळे बुचर आयलंड म्हणतात. तिथून समुद्राच्या तळावरून पाइप माहुलला जातात. माहुलच्या दोन रिफायनऱ्या १९५४ आणि १९५५ सालच्या, एक एस्सोची, एक बर्मा शेलची. सत्तरच्या दशकात दोन्ही सरकारच्या झाल्या. १९७६ पासून मुंबई हायचं तेल येऊ लागलं, सुरुवातीला तेही जहाजानेच. आता ते पाइपने येतं, त्याला जहाज लागत नाही. पण तेवढ्याने दोघींचं पोट भरत नाही, म्हणून आखाताकडून जहाजं येतच राहतात. तीही भरतीच्या वेळा बघून, बंदराची वाट दाखवणारा पायलट चढवून. अगदी अवाढव्य जहाजं इथे येतच नाहीत. ती गुजरातेत वाडीनारसारख्या ठिकाणी, किनाऱ्यापासून दूर समुद्रात नांगरलेल्या एका तरंगत्या बोयाला बांधून घेतात आणि तिथूनच नळीने तेल ओततात.

समुद्र मी त्याआधी जुहूला पाहिलेला, भेळेसकट. रात्री अकराला लाँचमधून जाताना उजवीकडे घारापुरी काळी उभी आणि समोर एक पिवळ्या दिव्यांची भिंत. ती भिंत म्हणजे जहाज. शिडी चढताना माझे गुडघे लटपटत होते. वर पोचल्यावर पहिलं काम मोबाइल बंद करून जमा करणं. आमचे सर मालवणकडचे, तीस वर्षं हेच करत आलेले. त्यांच्याकडे खास बॅटरी, मनगटाला वायूचा डिटेक्टर. “हा वाजला तर वाऱ्याकडे तोंड करून चालायचं, धावायचं नाही,” एवढंच म्हणाले. कच्च्या तेलातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणून वायू गेला असं समजणारा माणूस मरतो. कॉलेजात हे परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. त्या रात्री मी दर पाच मिनिटांनी वास येतोय का ते बघत होते आणि येत होता म्हणून मला बरं वाटत होतं.

मोजणी सुरू झाली. जहाजाला सहा टाक्या डावीकडे, सहा उजवीकडे, मागे धुण्यातलं तेलकट पाणी साठवायच्या दोन छोट्या टाक्या, म्हणजे स्लॉप टँक. प्रत्येक टाकीवर एक झडप, तिच्यावर टेपचं यंत्र बसवायचं आणि टेप खाली सोडायची. या टेपच्या टोकाचा लोलक तीन कामं करतो. तेलाला टेकला की वाजतो, तेलाखालच्या पाण्याला टेकला की वेगळ्या सुरात वाजतो, आणि तापमान सांगतो. झाकण न उघडता हे सगळं करायचं, कारण टाकीत तेलावर हवा नसते. बॉयलरचा धुतलेला धूर भरलेला असतो. प्राणवायू आठ टक्क्यांच्या खाली ठेवायचा, म्हणजे ठिणगी पडली तरी पेट घेणार नाही.

सर टेप सोडत होते, मी लिहीत होते. १.९२, १.८८, १.९०. मग उजवी तीन नंबर – २.४१. मी शहाणपणाने म्हटलं, “सर, ह्या टाकीत जास्त आहे.”

ते थांबले. “काय जास्त आहे?”

“तेल.”

“अगो, रिकामं जास्त आहे.”

पंपावरची सवय. आम्ही तळापासून भरलेलं मोजतो, ते वरून रिकामं मोजतात. त्याला अलेज म्हणतात. झाकणापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतची पोकळी. वीसेक मीटर खोल टाकी, तळाशी गाळ, घट्ट चिकट तेल. त्यातून टेप तळापर्यंत नेऊन खरा आकडा मिळणं कठीण. म्हणून वरची पोकळी मोजायची आणि जहाजाच्या तक्त्यात बघायचं, इतकी पोकळी म्हणजे इतके घनमीटर तेल. त्यातही जहाज पाण्यात सपाट नसतं. मागचा भाग थोडा खाली दबलेला असतो, कधी एका कुशीवर कललेलं असतं. त्याच्या दुरुस्त्या वेगळ्या. मी वहीत ‘डिप’ असं शीर्षक टाकलं होतं. सरांनी ते खोडून ‘अलेज’ लिहिलं आणि तारखेखाली सही केली. आजही ती वही माझ्याकडे आहे, पहिल्याच पानावर खाडाखोड.

मला वाटलं, झालं. उंची मिळाली, तक्ता आहे, घनमीटर काढायचे, सही करायची आणि चहा प्यायचा. पण सरांनी टेप परत खाली सोडली. आता तापमान. तेही एका ठिकाणी नाही, प्रत्येक टाकीत वर, मध्ये, खाली. बारा टाक्या, दोन स्लॉप, प्रत्येकी तीन वेळा. पहाटेचे तीन वाजलेले, डेक दवाने निसरडा. लोलक त्या खोलीच्या तेलाशी जुळून आकडा स्थिर होईपर्यंत हात हलवायचा नाही. मी वैतागून विचारलं, एवढं कशाला?

सरांनी तिथेच, कार्गो कंट्रोल रूमच्या पायरीवर बसून हिशेब करून दाखवला. जहाजात नव्वद हजार घनमीटरच्या आसपास तेल. कच्चं तेल एका अंशाने तापलं तर दर हजार लिटरमागे पाऊण-एक लिटर फुगतं. तापमान एक अंश चुकवलं तर सत्तर-ऐंशी हजार लिटरची चूक. “तुझ्या बाबांच्या भाषेत सांग, किती टँकर?” बाबांचा टँकर बारा हजारांचा. सहा ते सात टँकर. एका अंशात.

म्हणून समुद्रावर कुणी नुसता लिटर किंवा नुसता घनमीटर मानत नाही. जे मोजलं ते आधी १५ अंश सेल्सिअसला काय झालं असतं ते काढायचं. सगळं तेल कल्पनेने थंड करून एका पट्टीवर आणायचं आणि मगच त्याची घनता लावून टन काढायचे. बॅरलवाले ६० अंश फॅरेनहाइट धरतात, म्हणजे जवळपास तेच. बसऱ्याच्या उन्हात भरलेलं आणि मुंबईच्या दमट रात्री उतरवलेलं तेल एकाच कागदावर शेजारी-शेजारी बसवायचं तर याशिवाय इलाज नाही. आधी पाणी वजा, मग तापमानाचा गुणक, मग घनता. मला ‘कमी’ची वही आठवली. तिच्यात तापमानाचा रकानाच नव्हता.

बाकीची प्रक्रिया मी पळत-पळत बघितली. किनाऱ्यावरून लोखंडी हात जहाजाच्या पाइपांना येऊन जोडले गेले, तिथे त्याला सगळे ‘चिक्सन’ म्हणतात. हत्तीच्या सोंडेसारखा तो हात भरती-ओहोटीबरोबर आणि जहाज हलकं होऊन वर उठेल तसा आपोआप वाकतो. सुरुवात हळू, गळती कुठे नाही ना हे बघत. मग जोर. करारात बहुधा अट असते की सगळा माल २४ तासांत उतरवायचा, नाहीतर तोंडाशी १०० पीएसआय दाब तरी टिकवायचा. कारण जहाज ठरलेल्या वेळेपलीकडे अडकलं की डेमरेजचं, म्हणजे उशिराच्या भरपाईचं मीटर पडतं. उतरवता-उतरवताच टाक्या धुतात. गंमत म्हणजे पाण्याने नाही, त्याच कच्च्या तेलाच्या फवाऱ्याने. भिंतींना चिकटलेला मेणासारखा थर तेलच सोडवतं. तेलकट हात आधी तेलानेच धुवायचे हे आमचा मेकॅनिक मला लहानपणी सांगायचा, तेव्हा मला तो आळस वाटायचा.

टाक्या रिकाम्या झाल्यावर परत मोजणी, किती तळाशी राहिलं त्याची. मग माहुलला रिफायनरीच्या टाक्यांवर. तरंगत्या छताच्या टाक्या, गोल जिना, वरून सगळं चेंबूर दिसतं. तिथे पाणी तळाशी बसू द्यायचं, काढून टाकायचं, मग डिप. इथे मात्र डिपच, तळापासून. मला जुना मित्र भेटल्यासारखं झालं. कस्टमचा माणूस, रिफायनरीचा माणूस, आम्ही. एका टेपवर तीन डोके. बसऱ्याच्या कागदावर, जहाजावर आणि टाकीत असे तीन आकडे निघाले आणि तिन्ही वेगळे. अर्ध्या टक्क्यापर्यंतची तूट या धंद्यात सहसा पोटात घालतात, आमची त्याच्या बरीच आत होती. तरीही एका बाजूने ‘लेटर ऑफ प्रोटेस्ट’, म्हणजे लेखी हरकत दिली, दुसऱ्याने ‘फक्त पावतीसाठी’ असं लिहून सही केली. कुणी आवाज चढवला नाही. मी सरांना विचारलं, भांडण नाही झालं? ते म्हणाले, हेच भांडण. बाबांनी डेपोच्या मॅनेजरशी फोनवर केलेली भांडणं मला आठवली. त्यात कागद कुठेच नसायचा.

दोन महिन्यांनी उलट्या दिशेचं काम मिळालं. तयार डिझेल एका छोट्या किनारी टँकरमध्ये भरून दुसऱ्या बंदराला पाठवायचं होतं. माल चढवणं हे उतरवण्यापेक्षा जास्त धाकधुकीचं काम आहे असं माझं मत झालं. कच्चं तेल मुळातच मळकट असतं, त्यात काय बिघडणार! तयार माल बिघडतो. आता बीएस-सहाच्या नियमाने, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा भाग. जहाजाच्या टाकीत आधीचा कुठला माल होता, नीट धुतली का, पाइपात काय साचलंय, सगळं महत्त्वाचं. डिझेलमध्ये थोडंसं पेट्रोल गेलं तरी त्याचा फ्लॅश पॉइंट खाली येतो, म्हणजे ते लवकर भडकू शकतं.

म्हणून टाक्या आधी आत उतरून, बॅटरी मारून बघायच्या. मग प्रत्येक टाकीत फक्त पहिला फूटभर माल घ्यायचा आणि पंप थांबवायचा. तो ‘फर्स्ट फूट’चा नमुना बाटलीत धरून उजेडात बघायचा, प्रयोगशाळेत पाठवायचा. पास झाला तर पुढे भरायचं. आमचा एका टाकीचा नमुना ढगाळ निघाला. बाटली हलवली की खाली बारीक-बारीक थेंब. पाणी. जहाजाच्या चीफ ऑफिसरने बाटलीकडे अशा नजरेने बघितलं, जणू ते पाणी मी घरून आणलं होतं. सहा तास सगळं बंद. टाकी उपसली, पुसली, परत पहिला फूट. दुसरी बाटली स्वच्छ, सोनेरी. मी ती उगाच पाच मिनिटं दिव्यासमोर धरून बसले.

भरताना सुरुवातीला वेग अगदी कमी, पाइपात सेकंदाला मीटरभर. जोरात सोडलं तर तेल घुसळतं आणि त्यात स्थिर वीज साठते. भरून झाल्यावरही लगेच धातूचं काही टाकीत सोडायचं नाही, अर्धा तास थांबायचं. आमच्या पंपावर टँकर आला की आधी अर्थिंगची क्लिप लावून ताटकळत उभं राहायचो, ते का, हे त्या दिवशी कळलं. लहानपणी वाटायचं ड्रायव्हरला विडी ओढायला वेळ द्यायचा म्हणून थांबतात. वीज म्हटलं की बुचर आयलंडवरचे लोक वेगळेच गंभीर होतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या डिझेलच्या एका टाकीवर वीज पडली होती आणि ती आग विझायला काही दिवस लागले होते.

रिफायनरीचा सगळा माल जहाजाने जात नाही. बराचसा जमिनीखालून जातो. माहुलहून घाट चढून मनमाडजवळ पानेवाडीला एक पाइपलाइन जाते. तिच्यात पेट्रोलच्या मागे डिझेल, डिझेलच्या मागे पेट्रोल, मध्ये पडदा नाही काही नाही. जिथे दोन माल मिसळतात तो पट्टा घनता बदलली की ओळखायचा आणि वेगळा काढायचा. कंट्रोल रूममधला माणूस घनतेच्या आलेखाकडे बघत बसतो. डोंगर चढलेल्या रेषेसारखी ती रेघ वर गेली की, “आलं डिझेल”. पुढे टँकर, पुढे रेल्वेच्या वाघिणी. एका वाघिणीत सुमारे सत्तर हजार लिटर, अशा पन्नासेक वाघिणींची एक रेक. खापरीच्या साइडिंगला उभ्या असलेल्या त्या काळ्या लांबलचक रेक मी शेकडो वेळा ओलांडल्या होत्या, फाटक बंद म्हणून चरफडत.

मे महिन्यात रजेवर घरी आले. ४५ अंश. दुपारी दोनला टँकर आला, ड्रायव्हर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून. बाबा रॉड घेऊन निघालेच होते, मी म्हटलं, आज मी घेते. सील बघितली, अर्थिंग लावलं, थांबलो. प्रत्येक कप्प्याचा डिप बरोबर खुणेवर. नमुना जारमध्ये घेतला, घनता मोजायचा हायड्रोमीटर सोडला. घनता ०.८१२, तापमान ४१. तक्त्यातून १५ अंशाला आणली तर ०.८३० निघाली. चलनावरही तेच. म्हणजे माल चोख होता.

हे बाबा वीस वर्षं रोज करत आले होते. घनतेला १५ अंशावर आणत होते, पण तेलाला नाही. मी टाकीत थर्मामीटर सोडला. खाली ३१ अंश. जमिनीखालची टाकी, तिला दिवस-रात्र फारसं कळत नाही. (म्हणूनच पहाटे सहाला थंडीत जास्त पेट्रोल मिळतं म्हणून स्वेटर घालून येणाऱ्या काकांना मी काही बोलत नाही. रस्त्यावर थंडी असते, टाकीत नसते.)

केबिनमध्ये पंख्याखाली बसून बाबांना हिशेब दाखवला. बारा हजार लिटर डिझेल. दहा अंशांनी थंड होणार. डिझेल अंशामागे हजार लिटरला जवळपास ०.८३ लिटर आकसतं. बारा गुणिले दहा गुणिले ०.८३. शंभर लिटर. चोरी नाही, उडून जाणं नाही. तेवढंच तेल, तेवढंच वजन, जागा कमी. बाबांनी ‘कमी’ची वही काढली. मागच्या मेमधली नोंद: ९५. त्याआधीची: १०५. त्याआधीची ८८. ते बोट फिरवत खाली-खाली गेले. लिटरमागे दोन-तीन रुपये कमिशन मिळवणाऱ्या माणसाला शंभर लिटर म्हणजे काय, हे मी सांगायची गरज नव्हती.

मग त्यांनी मला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. “जहाजवाल्याले पंधरा अंशाचा लिटर देते, रेकवाल्याले देते. मंग आमाले काऊन गरम लिटर देते?”

मी म्हटलं, तुम्हीही गिऱ्हाइकाला पंधरा अंशांचा देत नाही.

“मी एकतीसचा देतो. एक्केचाळीसचा तर नाही देत.”

हे खरं होतं. जहाजावरून निघालेलं तेल हात बदलत येतं तेव्हा प्रत्येक ठिकाणी कुणीतरी टेप आणि थर्मामीटर घेऊन उभं असतं. शेवटच्या टप्प्यावर नुसती टेप राहते. डीलर लोक आपसात हा विषय काढत असतात, बाबाही काढायचे, पण ते ‘ऊन’ म्हणायचे आणि समोरचा हसायचा. आता त्यांनी कागदावर गुणाकार मांडून घेतला आणि तो चौकोनी घडी घालून खिशात ठेवला.

मला एक शंका येत होती. मी दिवाणजींना स्टॉक रजिस्टर मागितलं. ‘कमी’ची वही नव्हे, रोजचं मोठं रजिस्टर. डिसेंबर-जानेवारीची पानं काढली. थंडीत डेपोतून डिझेल वीस-बावीस अंशांचं येतं, आमची टाकी सव्वीस-सत्तावीसला. म्हणजे खाली गेल्यावर ते फुगायला हवं. फुगलं होतं. ४० जास्त. ५५ जास्त. ३५ जास्त. प्रत्येक टँकरनंतर, दोन महिने सलग, दिवाणजींच्या सुबक अक्षरात.

“बाबा, हे जास्तीचं कुठे लिहिता तुम्ही?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. दिवाणजी बाहेर टँकरकडे बघायला लागले.

“ते... ते बरकत म्हणून सोडून देत होतो,” बाबा म्हणाले.

संध्याकाळी मी वर्षाची बेरीज केली. थंडीची बरकत वजा केली तरी उन्हाळ्याचं पारडं जड निघालं, नागपूरच ते. बाबांना एवढ्यानेही समाधान झालं. त्यांनी लाल वहीवरच्या ‘कमी’पुढे मार्करने ‘/ जास्त’ लिहिलं, आतल्या पानांवर पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर शीर्षक टाकलं, ‘तापमान’. मग दिवाणजींना म्हणाले, उद्यापासून टाकीत थर्मामीटर सोडत जा, अन् पोरीले विचार, तीन जागी सोडाचा का एकाच जागी.